फाईल जागेवर होती

सुचित्रा आठल्येची एक सवय होती आणि घरात ती सगळ्यांना पाठ होती. कुठल्याही गोष्टीचं कारण ती एकदाच सांगायची. त्या वेळी तुमच्या कानात इयरफोन असतील, कुकरची शिट्टी झाली असेल, तुमचं लक्ष नसेल, तर तो तुमचा प्रश्न. दुसऱ्यांदा विचारलंत की फक्त "नाही" मिळायचं, आणि तिसऱ्यांदा विचारायची कुणाची छाती नव्हती. महाराष्ट्र मंडळाच्या कमिटीतून ती का बाहेर पडली हे तिच्या नवऱ्याला, अजितला, आजतागायत माहीत नाही. तिने सांगितलं होतं. तो क्रिकेट बघत होता आणि "हो का" म्हणाला होता. त्या "हो का"ची शिक्षा तो अजून भोगतोय. लोक विचारतात, वहिनी हल्ली दिसत नाहीत, आणि हा बिचारा कामाचं निमित्त पुढे करतो.

वाईट नव्हती हो बाई. कडकही म्हणता येणार नाही, कारण कुणी आजारी पडलं की डबा घेऊन पहिली तीच पोचायची. फक्त तिला पुन्हा पुन्हा बोलायचा मनस्वी कंटाळा. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, नोकरी केली, लग्नानंतर दोघं मेलबर्नला आली, आणि क्रेगीबर्नमध्ये आजूबाजूला नुसती कुरणं होती तेव्हा त्यांनी तिथे घर घेतलं. मुलगी मैथिली इथेच जन्मली. आईने मराठीत विचारायचं आणि तिने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असा त्यांचा संसार. "मम, दॅट्स नॉट अ‍ॅन आन्सर," असं ती आईच्या तोंडावर म्हणू शकायची. घरात तेवढी हिंमत तिचीच.

नोकरी होती एका औषधं घरपोच पोचवणाऱ्या कंपनीत. गावोगावचे केमिस्ट त्यांच्याकडे ऑर्डरी द्यायचे आणि यांचे ड्रायव्हर पाकिटं दारात नेऊन ठेवायचे. ते सगळं चालवणारं सॉफ्टवेअर जावा नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं, आणि ते सांभाळणाऱ्या टीमची सुचित्रा लीड. टीममध्ये तिला कुणी घाबरून नव्हतं, पण तिच्या मीटिंगला सगळे वही उघडून बसत. एकदाच सांगणार, हे तिथेही माहीत होतं.

दोन हजार वीसच्या जुलैत कोरोनामुळे मेलबर्नचे ठरावीक पोस्टकोड, म्हणजे आपल्याकडचे पिनकोड, बंद झाले. संपूर्ण शहर नंतर बंद झालं. आधी ही मोजकी उपनगरं. क्रेगीबर्न त्यात होतं. कालपर्यंत आपण ज्या रस्त्याने जात होतो त्याच्या तोंडाशी आज पोलीस उभे, आणि पलीकडच्या उपनगरातले लोक मजेत कॉफी पीत बसलेले. आठल्यांचं डायनिंग टेबल म्हणजे सुचित्राचं ऑफिस झालं, गॅरेज म्हणजे अजितचं, आणि मैथिलीची शाळा तिच्या बेडरूममध्ये भरायला लागली. जेवायचं कुठे, तर मांडीवर ताट घेऊन.

कंपनीचं काम मात्र एकदम वाढलं. मॅनेजर डॅरेनचा फोन आला. बंद भागातल्या ऑर्डरी सॉफ्टवेअरने ओळखायला हव्यात, म्हणजे ड्रायव्हर पाकीट दाराबाहेर ठेवेल, सही घेणार नाही, आणि गिऱ्हाइकाला मेसेज जाईल की तुमचा अमुक भाग बंद आहे, पण औषध वेळेवर येईल. सुचित्राने त्याच दिवशी तो भाग लिहून काढला. झोनरूल्स नावाचा एक क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचा एक सुटा भाग, त्याची स्वतःची फाईल. त्याला पोस्टकोड विचारा, तो भागाचं नाव सांगणार. पोस्टकोड आणि नावं एका यादीत ठेवलेली, ती यादी क्लासने सुरुवातीलाच वाचून घ्यायची.

यादी डॅरेनने बनवली. तो राहणार शहराच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राजवळ. उत्तरेची उपनगरं त्याला नकाशावरच माहीत. त्याने सुचित्राला विचारलं, तुझ्या बाजूचं बरोबर आहे ना? सुचित्राने बघितलं आणि म्हणाली, "रॉक्सबर्ग पार्क कुठेय? वेगळं घाल. तिथल्या माणसाला तू क्रेगीबर्नचा म्हणालास तर त्याला चालणार नाही." खरंच होतं ते. तिथे राहणाऱ्यांना ही दोन गावं वेगळी. इतक्या वर्षांत ती कुणाला "मी रॉक्सबर्ग पार्कची" म्हणाली नसेल आणि तिथलं कुणी स्वतःला क्रेगीबर्नचं म्हणवून घेतलं नसेल. डॅरेनने "नो वरीज" म्हणून एक ओळ वाढवली.

रिलीज करायचं काम हृषिकेशचं. म्हणजे सगळ्यांनी लिहिलेलं एका पॅकेजमध्ये बांधायचं, सर्व्हरवर नेऊन ठेवायचं आणि चालू करायचं. हृषिकेश पेठे. मूळचा पुण्याचाच, विशी ओलांडत आलेला, कंपनीच्या व्हिसावर आलेला. टार्निट नावाच्या उपनगरात तिघांत मिळून एक घर भाड्याने घेऊन राहायचा. बायको अनन्या मार्चमध्ये येणार होती, तिचं तिकीट काढून झालं होतं, आणि सीमा बंद झाल्या. ती पुण्यात त्याच्या आईजवळ अडकली, हा इथे. वर कंपनीने जाहीर केलं होतं की काम वाढलं तरी खर्च भागत नाही, काही लोक कमी करावे लागतील, आणि हृषिकेशचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं. नोकरी गेली की व्हिसा जाणार, व्हिसा गेला की देश सोडायचा, आणि एकदा बाहेर गेलेल्याला परत कोण आत घेतंय? हे टीममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं.

सकाळी रिलीज झालं. पहिली ऑर्डर आली आणि आपटली, पुढे सरकलीच नाही. दुसरी आपटली. मग जी येईल ती आपटायला लागली, बंद भागातली असो नाहीतर उघड्या, कारण प्रत्येक ऑर्डर आधी झोनरूल्सला विचारायची. टीमच्या चॅटमध्ये अलार्मची रांग लागली. सगळ्या अलार्ममध्ये एकच गोष्ट: क्लास सापडला नाही, झोनरूल्स. त्या ओळीत पुढे आणखी शब्द होते, की क्लास सुरू करता आला नाही. पण अलार्म ती ओळ अर्धीच दाखवायचा, आणि सापडला नाही म्हटल्यावर पुढे वाचतो कोण?

केमिस्टांचे फोन सुरू झाले. सुचित्राने सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं.

"हृषिकेश, झोनरूल्सची फाईल पॅकेजमध्ये गेलीच नाहीये," ती म्हणाली.

"गेलीये. फाईल जागेवर आहे, मी आत्ता बघितली."

"एरर वाच. सापडत नाही म्हणतोय."

"पण मी बघितली, ताई. म्हणजे, पॅकेज उघडून..."

"मला कारणं नकोत. आधी जुनं व्हर्जन परत लाव."

त्याने लावलं. ऑर्डरी पुन्हा वाहायला लागल्या. अडकलेली औषधं लोकांना दुसऱ्या दिवशी मिळाली, बऱ्याच जणांनी तक्रारी केल्या, आणि कंपनीला माफीचे मेसेज पाठवावे लागले. संध्याकाळच्या कॉलवर डॅरेनने विचारलं, मेट, नक्की काय झालं? सुचित्राने हृषिकेशकडे बघितलं. स्क्रीनवर कुणाकडे बघतोय हे कळत नाही, पण हृषिकेशला कळलं असावं. तो म्हणाला, "सॉरी. माझ्याकडून फाईल राहिली असेल. रिलीजच्या गडबडीत." सकाळी जे सांगत होता त्यातलं त्याने एक अक्षरही काढलं नाही. डॅरेनने लिहून घेतलं, आणि म्हणाला की आठवड्याच्या शेवटी एचआरबरोबर बसायचं आहे, तोवर सुचित्राने रिपोर्ट द्यावा.

सुचित्राला वाईट वाटलं. पण तिच्या मते चूक ती चूक. माणूस चांगला आहे म्हणून रिपोर्टमध्ये खोटं कसं लिहायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाऊन ती रिपोर्ट लिहायला बसली. पुरावा जोडायचा म्हणून तिने ते फसलेलं पॅकेज उघडलं. फाईल नाही असा एक फोटो काढायचा आणि चिकटवायचा, की झालं काम. तिने उघडलं, तर झोनरूल्स आत होता. जिथे असायला हवा तिथेच, नीट.

तिने पुन्हा बघितलं. मग चहा ठेवला, आणि तो उतू गेला.

इथे थोडं सांगायला हवं, नाहीतर सुचित्राचा चहा का उतू गेला ते कळायचं नाही. जावामधल्या क्लासला कुणी पहिल्यांदा हाक मारली की तो एकदाच आपली तयारी करतो. समजा एखादी खानावळ आहे. मालक सकाळी येऊन गॅस पेटवायला जातो आणि बघतो तर सिलिंडर संपलेला. तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक येतं. त्याला मालक सांगतो, "गॅस संपलाय," आणि शटर ओढून घेतो. त्यानंतर येईल त्याला आतून एकच उत्तर, "बंद आहे." का बंद, ते सांगणार नाही. मधल्या वेळात कुणी सिलिंडर आणून दारात ठेवला तरी पुन्हा पेटवून बघणार नाही. दुसऱ्या दिवशी नव्याने खानावळ उघडेपर्यंत बंद म्हणजे बंद. जावाचं अगदी तसंच आहे. तयारी फसली तर खरं कारण पहिल्या हाकेला मिळतं, आणि पुढच्या प्रत्येक हाकेला फक्त "क्लास सापडला नाही". क्लास तिथेच असतो. फाईल तिथेच असते. फक्त जावाने त्याच्यावर काट मारलेली असते.

आणि हे सुचित्राला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. मुलाखतीत ती हाच प्रश्न विचारायची. हृषिकेशलाही विचारला होता, आणि त्याने खडाखड उत्तर दिलं होतं: शेवटचा एरर बघून काही कळत नाही, लॉगमध्ये वर जाऊन पहिला शोधायचा. त्या उत्तरावर तिने त्याला घेतलं होतं. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा केमिस्टांचे फोन वाजत होते, तिने खालची ओळ वाचली, आणि तिला पुरली.

तिने लॉग उघडला. सर्व्हर काय काय करतो त्याची तो नोंद ठेवतो, आणि त्या दिवशीची नोंद म्हणजे एकाच ओळीचा डोंगर. सापडला नाही, सापडला नाही, सापडला नाही. ती वर वर जात राहिली. मैथिली पाणी प्यायला खाली आली आणि आईचा चेहरा बघून पाणी न पिताच परत गेली. अगदी टोकाला, पहिल्या ऑर्डरपाशी, एक वेगळा एरर होता. तयारी करताना गोंधळ झाला. एकच पोस्टकोड दोनदा आलाय, तीन शून्य सहा चार. त्याच्यासमोर एकदा क्रेगीबर्न लिहिलंय, एकदा रॉक्सबर्ग पार्क.

दोन्ही गावांचा पोस्टकोड एकच. हे क्रेगीबर्नच्या पोरालाही माहीत असतं. तिलाही होतं. पत्त्यात रोज लिहायची ती. पण रॉक्सबर्ग पार्क वेगळं घाल म्हणताना तिच्या डोळ्यांसमोर दोन गावं होती, आकडा नव्हताच. आणि आपण लिहिलेल्या क्लासला एका पोस्टकोडाला दोन नावं सोसत नाहीत, हेही तिनेच ठरवलेलं. टेस्टच्या सर्व्हरवर दोन-तीन खोट्या गावांची यादी होती, म्हणून तिथे काही बिघडलं नव्हतं.

ती गॅरेजमध्ये गेली. अजित कॉलवर होता. त्याने हाताने थांब म्हटलं, तर ती थांबली नाही.

"अजित, माझी चूक आहे. त्या पोराची नाही."

"कुठल्या पोराची?" त्याने कॉल म्यूट केला. या वेळी त्याने सगळं ऐकलं, अगदी शेवटपर्यंत. मग म्हणाला, "मग रिपोर्टमध्ये लिही की."

"लिहितेच. पण डॅरेन रिपोर्ट वाचत नाही."

ते खरं निघालं. एचआरबरोबरच्या मीटिंगच्या आधी तिने डॅरेनला कॉल लावला आणि सगळं सांगितलं. तिच्या पद्धतीने, एकदा, नीट, मुद्देसूद. डॅरेन म्हणाला, "राइट. म्हणजे फाईल राहिली होती."

"नाही. फाईल होती."

"पण एरर म्हणतोय सापडली नाही."

एरवी इथे सुचित्राने "सांगितलंय मी" म्हणून विषय संपवला असता. त्या दिवशी तिने एक श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. खानावळ त्याला कळली नाही, म्हणून फिश अँड चिप्सचं दुकान घेतलं. तेल संपलं, मालकाने पहिल्याला सांगितलं, शटर ओढलं. डॅरेनने विचारलं, मग दुकानदाराने तेल का आणलं नाही? तिने तेही सांगितलं. तिसऱ्या वेळेला त्याचा चेहरा जरा उजळला.

"म्हणजे रॉक्सबर्ग पार्कची ओळ."

"हो. ती मी घालायला लावली. आणि क्लासही मीच लिहिला."

"मेट, मग ही तुझ्यावर येते."

"येऊ दे."

त्याने तेही लिहून घेतलं. मग म्हणाला की अवघड आहे, कमी करायच्या लोकांत हृषिकेशचं नाव कालच वर गेलंय. सुचित्राने विचारलं, कुणाकडे? त्याने एचआरमधल्या एका बाईंचं नाव सांगितलं. तिने त्या बाईंना फोन केला. सगळं पुन्हा. त्या म्हणाल्या, माझ्या वरिष्ठांशी बोल. पुन्हा. वरिष्ठांना जावा म्हणजे कॉफी एवढंच माहीत होतं. त्यांच्यासाठी तिने पार क्लास म्हणजे काय इथपासून घेतलं, आणि प्रत्येक वेळी न चुकता सांगितलं की त्या मुलाने पहिल्या मिनिटाला खरं सांगितलं होतं. घसा बसला. अजितने न विचारता गरम पाणी आणून ठेवलं.

शुक्रवारी दुपारी निरोप आला. हृषिकेशचं कॉन्ट्रॅक्ट सहा महिने वाढवलं. सुचित्राच्या फाईलला एक ताकीद लागली आणि त्या वर्षीची पगारवाढ गेली. तिने ते अजितला भाजी चिरता चिरता सांगितलं. तो "बरं" म्हणाला, आणि त्याने ऐकलंही होतं.

मग तिने हृषिकेशला फोन केला आणि काय झालं ते सांगितलं.

"ताई, मलाच वाटायला लागलं होतं मी फाईल ठेवली नाही म्हणून," तो म्हणाला. "बघितलेली आठवत होती, तरी. पॅकेज परत उघडायचीसुद्धा भीती वाटली. अनन्याला सांगून टाकलं, माझी चूक झाली, आता परत यावं लागणार. आई दोन दिवस जेवली नाहीये."

"मी बोलते त्यांच्याशी."

"नको, मी सांगतो ना."

"तू सांगितलंस तर त्यांना वाटेल समजूत घालतोयस. नंबर दे."

पुण्यात तेव्हा दुपार होती. अनन्याने फोन उचलला. सुचित्राने ओळख करून दिली, मी हृषिकेशची लीड, आणि सांगायला लागली. नोकरी राहिली हे ऐकल्यावर अनन्या रडायलाच लागली, आणि पुढचं तिला काही ऐकू गेलं नाही. मग तिने डोळे पुसले असावेत. म्हणाली, "एक मिनिट हं, आईंना देते. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगाल का प्लीज?"

"सांगते," सुचित्रा म्हणाली.

हृषिकेशच्या आईंना क्लास नको होता, लॉग नको होता. त्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि मधेच विचारलं, "म्हणजे त्याने फाईल ठेवली होती."

"हो, ठेवली होती."

"आणि तसं तो म्हणालाही होता?"

"म्हणाला होता. पहिल्यांदाच म्हणाला होता."

"मग तुम्ही इतकी शिकलेली माणसं तिथे, कुणी ऐकलं कसं नाही हो त्याचं?"

डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडा होता, मैथिली समोर बसून टोस्ट खात आईकडे बघत होती. सुचित्राला खूप कारणं देता आली असती. केमिस्टांचे फोन होते, अलार्म अर्धाच दिसत होता, घाई होती.

"मी ऐकलं नाही," ती म्हणाली. "तो माझ्याशीच बोलत होता."